बाण (वर्ड प्रोसेसरमधील)

बाण : वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेल्या दस्तऐवजात दिशा, क्रम किंवा दोन घटकांमधील संबंध दाखविणारी आकृती. ओघतक्ते, वंशावळी आणि भागांची नावे दाखविणाऱ्या आकृत्या यांत तिचा वापर होतो. येथील वर्णन मायक्रोसॉफ्ट वर्डच्या विंडोजवरील अलीकडच्या आवृत्त्यांचे आहे.

प्रकार : ‘इन्सर्ट’ टॅबमधील ‘शेप्स’ या यादीत बाणांचे दोन गट आढळतात. ‘लाइन्स’ गटातील बाण म्हणजे टोकाला अग्र असलेली सरळ, काटकोनी किंवा वक्र रेषा. ‘ब्लॉक ॲरोज’ गटातील बाण हे बंदिस्त आकार असल्याने त्यांत रंग भरता येतो आणि मजकूरही लिहिता येतो.

रेखाटन : यादीतून बाण निवडून पानावर माऊस ओढला की आकृती उमटते. रेषेचा बाण काढताना शिफ्ट कळ दाबून ठेवल्यास रेषा ४५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते; त्यामुळे आडवा किंवा उभा बाण अचूक सरळ येतो. कंट्रोल कळ दाबल्यास आकृती मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना वाढते.

आकारबदल : निवडलेल्या ब्लॉक बाणाभोवतीचे पांढरे ठिपके लांबी-रुंदी बदलतात, तर वरचे गोलाकार चिन्ह बाण फिरवते. साध्या उजव्या बाणाला दोन पिवळे ठिपके असतात : एकाने दांड्याची जाडी, दुसऱ्याने अग्राची लांबी ठरते. काटकोनी आणि वक्र रेषांचे वळण पिवळ्या ठिपक्याने सरकवता येते. याहून वेगळा आकार हवा असल्यास ‘एडिट पॉइंट्स’ वापरून कडेवरचा प्रत्येक बिंदू हलवता येतो, नवा बिंदू घालता येतो, सरळ बाजू वक्र करता येते. मात्र असा बदल केल्यावर तो मुक्ताकार होतो व पिवळे ठिपके नाहीसे होतात. म्हणून प्रमाणे आधी ठरवून बिंदू शेवटी बदलावेत. रेषेच्या बाणाचे अग्र ‘फॉरमॅट शेप’मधून निवडतात. तेथे अग्राचे ९ आकारमान-पर्याय मिळतात. रेषा जाड केली की अग्रही मोठे होते.

स्थान : नव्याने काढलेला बाण मजकुराच्या वर तरंगतो, पण तो एखाद्या परिच्छेदाला नांगरलेला असतो. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला तर बाणही जातो. परिच्छेद नांगरासकट पुसला तर बाणही पुसला जातो. चौकटी जोडणारे बाण ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’वर काढल्यास त्यांची टोके चौकटींना चिकटतात आणि चौकट हलवली की बाण तिच्यामागे जातो. कॅनव्हासबाहेर ही जोडणी होत नाही.

अक्षररूप बाण : दोन संयोगचिन्हे आणि ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह सलग टाइप केल्यास वर्ड आपोआप बाण घालतो. तो विंगडिंग्ज फाँटमधील असल्याने मजकूर अन्यत्र चिकटवताना भलतेच अक्षर दिसू शकते. त्याऐवजी इंग्रजी अंकांत २१९२ टाइप करून ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्यास युनिकोडमधील उजवा बाण मिळतो.

वाक्यातील बाणासाठी युनिकोड चिन्ह आणि चौकटी जोडण्यासाठी कॅनव्हासवरील रेषा हीच निवड दस्तऐवजात पुढे फेरफार झाले तरी टिकते.