झुकलेले मनगट

होटगीच्या शिवारातली ज्वारीची काढणी असो, की सोलापुरातले मागावरचे काम, सगळी भिस्त मनगटावर असते. याच मनगटाची एक व्याधी अशी आहे, की फारसे दुखत नाही, सूजही नसते. पण पंजा खाली लोंबतो आणि काही केल्या वर उचलला जात नाही. घरातली वडील माणसे म्हणतात, ‘हातावरून वारं गेलं.’ मग तेल चोळणे सुरू होते. पुष्कळदा हा पक्षाघात नसतोच. दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली येणारी रेडियल नस दुखावलेली असते. कधी दंडाचे हाड मोडल्यामुळे, कधी हात उशाशी घेऊन गाढ झोपल्यामुळे, तर कधी चुकीच्या जागी इंजेक्शन दिल्यामुळे.

ही व्याधी नवी नाही. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हात लुळे पडतात, हे त्यांनी त्यात नोंदवले होते. शिसे अंगात भिनले की मनगट झुकते, हा अनुभव पुढे रंगाऱ्यांनाही आला. तरीही नस म्हणजे नेमके काय आणि तुटल्यावर तिचे काय होते, हे कळायला दीडशे वर्षे लागली. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या नसा कापून दाखवले, की तुटल्या जागेपुढचा तंतू झिजून जातो. त्याच्या मागचा जिवंत भाग मात्र पुन्हा वाढू शकतो.

पुढचे ज्ञान युद्धांनी दिले. पहिल्या महायुद्धात दंडाला गोळी लागलेले सैनिक हजारोंनी आले. ज्यांची नस सुधारेना, त्यांच्या चांगल्या स्नायूचा कंडरा मनगटाच्या मागे जोडण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट जोन्स यांनी रूढ केली. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले: नुसती दबलेली, आतला तंतू तुटलेली पण वेष्टण शाबूत असलेली, आणि पूर्ण तुटलेली. पहिली काही आठवड्यांत सुधारते. दुसरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. म्हणजे बारा सेंटिमीटरचे अंतर असेल तर चार महिने! तिसरीला बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

या चार महिन्यांत करायचे काय? फिजिओथेरपीचे काम इथेच सुरू होते. शेतातल्या पंपाची वायर तुटली तर मोटार बिघडलेली नसते. पण वायर जोडेपर्यंत ती तशीच पडून राहिली, तर जाम होते. मनगटाचेही तसेच. नस पोचेपर्यंत सांधा मोकळा राहिला पाहिजे. म्हणून मनगट किंचित वर धरणारी पट्टी बांधतात. दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटे रोज हळुवार हलवायची. हालचाल परतू लागली, की पहिल्यांदा हात टेबलावर आडवा ठेवून व्यायाम, नंतर वजनाविरुद्ध. मनगट खाली झुकवून मूठ आवळून पाहा. पकड कशी ढिली पडते ते लगेच कळेल. पट्टीचे मोल त्यातच आहे.

आपल्याकडे ही विद्या फार दुरून आली नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. बदललेल्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. तेव्हा शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व व्यायामाला आले. मुंबईत कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा उभारली. या बाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या. त्याच रुग्णालयात थोड्याच वर्षांत फिजिओथेरपीचे शिक्षणही सुरू झाले. पोलिओच्या साथीने त्याची निकड पटवून दिली होती. सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि होटगीच्या माणसाला मोठ्या रुग्णालयाची वाट जवळ झाली.

मात्र ती वाट वेळेवर धरली पाहिजे. नुसत्या मालिशीत महिने गेले, तर नस पोचते तेव्हा सांधा आखडलेला असतो. आणि नस पूर्ण तुटली असेल, तर शिवण्याची वेळ टळून जाते. पंजा एकाएकी लोंबला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्याबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा पायही लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब नको, कारण तो पक्षाघात असू शकतो. नस आपल्या गतीनेच वाढणार. ती पोचेपर्यंत हात कामाजोगा ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.