वतनाविना वृत्ती : मराठी पाळकांच्या निर्वाहाचा प्रश्न

बारामती-इंदापूरपासून अहमदनगरापर्यंतच्या देशावरील गावगाड्यात जोशी, गुरव, मुलाणी यांची धर्मकृत्ये वतनाशी व बलुत्याशी निगडित होती. हात थकले तरी हक्क मुलाकडे जाई आणि वृद्धाचा निर्वाह त्याच हक्कावर चाले. एकोणिसाव्या शतकात उदयास आलेला मराठी ख्रिस्ती पाळक मात्र या व्यवस्थेबाहेरचा होता. त्याचे पद वंशपरंपरागत नव्हते. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० साली झाला खरा. परंतु कायद्याने वाटा राखला, तरी एकत्र कुटुंबाचा आसरा राखला असे नाही. पाळकाच्या वार्धक्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न येथूनच उद्भवतो.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात कार्य आरंभिले. १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. देशी मंडळ्यांनी स्वशासित, स्वावलंबी व स्वप्रसारक व्हावे, हे त्यांचे प्रतिपादन. तथापि खेड्यांतील मंडळ्यांत भूमिहीन व दरिद्री कुटुंबांचा भरणा मोठा होता. मंडळीने पोसावे तर तिची ऐपत नाही. मिशनने पोसावे तर पाळक मिशनचा नोकर ठरतो, असा हा पेच होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तो निर्धाराने तोडला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परंतु वेतन सुटले तरी संसार सुटला नव्हता. टिळकांचे औदार्य आणि पैशाविषयीची बेफिकिरी यांचा भार घरात कोणावर पडे, हे लक्ष्मीबाईंच्या १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त स्पष्ट दिसते. १९१९ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी टिळक निवर्तले. त्यामुळे वेतनाविना वार्धक्य कसे निभावले असते, याची कसोटी लागलीच नाही.

टिळकांचा त्याग हे चारित्र्याचे उत्तर होते, व्यवस्थेचे नव्हे. वेतनावाचून राहण्याचे व्रत एक व्यक्ती घेऊ शकते. ते प्रत्येक पाळकाच्या पत्नीवर व मुलांवर लादता येत नाही. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चसारख्या व्यापक संघटनेचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. एका दरिद्री मंडळीची ऐपत हीच पाळकाच्या म्हातारपणाची मर्यादा ठरू नये, तर अनेक मंडळ्यांनी मिळून तो भार वाहावा. स्वावलंबनाची खरी परीक्षा पाळकाची नेमणूक करण्यात नाही, तर तो थकल्यावर त्याला सांभाळण्यात आहे, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.