वळिवड्याचे पोलिश गाव

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ साली पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. वस्ती सुमारे पाच हजारांची; तीत बायका, मुले आणि वृद्धच फार. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून सैबेरियाकडे हद्दपार केलेली ही कुटुंबे. १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली, आणि धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. नावाने ही छावणी निर्वासितांची. वस्तुतः तो रणांगणावर गेलेल्या शिपायांचा मागे राहिलेला संसार होता.

खर्चाची जबाबदारी लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची. परंतु नुसत्या तिजोरीने गाव वसत नाही. मुंबईतील पोलिश वकिलाच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी रेडक्रॉसतर्फे निर्वासितांसाठी अपार खटपट केली. वसाहतीत शाळा, इस्पितळ, चर्च, बालवीरांची पथके, सारे काही उभे राहिले.

मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने इटलीतील माँटे कसिनोचा मठ जिंकला. त्याच डोंगरावर काही आठवड्यांपूर्वी चौथी हिंदी डिव्हिजन झुंजली होती. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पूर्व पोलंड रशियाच्या पदरात पडला, आणि वळिवड्यातील बहुतेकांची घरे नेमकी तिथलीच! जुलैत ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. आपल्या शिपायांची कुटुंबे पोसणारे सरकारच कागदोपत्री उरले नाही. पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार उचलला.

१९४८ मध्ये वसाहत मोडली. अनेकजण इंग्लंडात आपल्या शिपायांकडे गेले, मायदेशी थोडेच. रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे राहावयास आली, आणि त्या जागेला गांधीनगर म्हणू लागले.