मकनातीस आणि केमची काळी वाळू

केम म्हटले की करमाळा तालुक्याबाहेरच्या माणसाला कुंकू आठवते. आम्हाला आठवते ती तिथल्या ओढ्याची काळी वाळू. जुन्या लाऊडस्पीकरमधले लोहचुंबक कागदात गुंडाळून मुलांनी त्या वाळूवरून फिरवले, तर त्याला काळी दाढीच फुटली. ‘मकनातीस’ हा धडा मुलांना तोंडपाठ होता. तो पायाखाली पडला आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. एका मुलीने गंजक्या पत्र्याची तांबडी पूड पुढे केली. “सर, ये बी लोहाइच है ना, ये काइकू नै चिपकता?”

आम्हाला उत्तर येत नव्हते. ते शोधताना आधी सापडला आमचाच एक गैरसमज. होकायंत्र, म्हणजे कुतुबनुमा, मुसलमानांनी शोधला असे आम्ही कितीतरी वेळा जलशांतून ऐकले आणि वर्गात सांगितलेही. पण चिनी विद्वान शेन को याने चुंबकसुईचे वर्णन 1088 साली केले. आपल्याकडचा जुना उल्लेख फार्सीत आहे. मुहम्मद औफीने दिल्लीत, इल्तुतमिशच्या काळात, 1232 च्या सुमारास पुऱ्या केलेल्या कथासंग्रहात एक नाखुदा चुंबकावर घासलेला लोखंडी मासा पाण्यावर सोडून वाट शोधतो. अरबीत बैलक किबजाकीने 1282 साली त्यावर लिहिले. यमनचा सुलतान अल-अशरफ याने 1291 साली किबल्याची दिशा काढण्यासाठी सुई कशी वापरावी, ते सांगितले. ही कामगिरी काही लहान नाही. मग दुसऱ्याचा शोध आपल्या नावावर कशाला चढवायचा?

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र विसाव्या शतकापर्यंत कुणालाच नीट देता आले नव्हते. ते दिले फ्रान्सच्या लुई नेल यांनी, 1948 साली. आमच्या बेसाल्टातून झिजून आलेल्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट असते: लोहाचे तीन अणू, प्राणवायूचे चार. लोहाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. त्यांचे दोन गट परस्परांविरुद्ध तोंड करून उभे असतात, पण त्यांचे बळ सारखे नसते. जे उरते ते आपल्याला खेचते. तांबड्या गंजात दोन्ही बाजू जवळजवळ तोडीस तोड, म्हणून उरते फार थोडे.

याहून मजेची गोष्ट पुढच्या वर्षाची. आज ज्यांना नॅनोकण म्हणतात, त्यांच्या चुंबकत्वाचा पाया नेल यांनी 1949 साली घातला, तो भाजलेल्या मातीच्या निमित्ताने. वीट किंवा मडके आव्यात तापते आणि निवताना त्यातले लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण त्या घडीची पृथ्वीची चुंबकीय दिशा धरून ठेवतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण असल्या मोजक्याच मापाचा असेल तर साध्या उष्णतेनेही त्याचा चुंबक उलटसुलट होत राहतो. त्याला काही आठवत नाही. जरा मोठा झाला की आठवण पक्की. किती मोठा? नेल यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिले तर एक सेकंद दिशा धरणाऱ्या कणाचे घनफळ दुप्पट झाले की तो साधारण तीस वर्षे धरतो! आम्ही हे गणित तीनदा करून पाहिले.

दख्खनच्या खडकानेही हेच केले आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 साली आपल्या काळ्या पाषाणातली दिशा मोजून प्रसिद्ध केली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा निवला, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, हे त्या कणांनी सांगितले. केमचा ओढा ज्या दगडावरून वाहतो, तोही त्याच कुळातला. विसरभोळे कणही वाया गेले नाहीत. बाहेरचे चुंबक काढताच ते एकमेकांना चिकटून राहत नाहीत, म्हणून रक्तात सोडता येतात. 1996 साली अमेरिकेत यकृताच्या एमआरआय तपासणीसाठी असे लोह-ऑक्साइडचे औषध मंजूर झाले होते.

हे सारे आम्ही त्या मुलीला आमच्या मोडक्यातोडक्या उर्दूमराठीत सांगितले. कुतुबनुम्याचा जुना दावाही फळ्यावरून पुसला. दुसऱ्या दिवशी ती भट्टीतल्या विटेचा तुकडा घेऊन आली. चुंबकाने वीट हलली नाही. मग तिने ती दगडाने कुटली, पूड कागदावर पसरली आणि खालून चुंबक फिरवले. थोडे कण उभे राहिले.