साक्षर झाले, वाचायचे राहिले

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्याच शहरात 1989 मध्ये सुरू झाले. एक वाचणाऱ्याच्या हाती पुस्तक देते, दुसरे त्याला घरबसल्या पदवीपर्यंत नेते. दोन्ही संस्था वाचक तयार आहे असे धरून चालतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण मोठेपणी अक्षरओळख झालेल्या माणसाने त्यांच्या दारापर्यंत यायचे कसे, याचे उत्तर आपल्या साक्षरता चळवळींनी कधी पुरते दिले नाही. 1959 मध्ये साताऱ्यात सुरू होऊन पुढे राज्यभर गेलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे पाटीसमोर बसवली. चारेक महिन्यांचा पहिला टप्पा संपला, की ग्रामगौरव समारंभ. पुढचे टप्पे आखलेले होते. मान मात्र पहिल्याचा होता.

मोठ्या वयात डोके चालत नाही, म्हणून नवसाक्षर लोक शिकलेले वाचन विसरतात, असे सर्रास म्हटले जाते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन हे खोडून काढते. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने हिंदी वाचायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूत बदल दिसले. लिपी देवनागरीच, म्हणून हा दाखला आपल्याला जवळचा. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: सहा महिन्यांच्या शिकवणीनंतर त्यांचे वाचन जेमतेम पहिलीच्या मुलाइतके होते. सुटी अक्षरे लवकर येतात. रफार, जोडाक्षरे आणि अक्षराच्या चारी बाजूंना लागणाऱ्या मात्रा डोळ्यांत बसायला सराव लागतो. तो नसेल तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटते. अर्थच लागत नसेल, तर दिवसभर राबून आलेला माणूस वाचील कशाला? याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

मोहिमेने बायकांना चार लोकांत बसवले, सही करण्याचा मान दिला, तेवढे पुरे नव्हते का, असे कोणी विचारील. ती कमाई मोठीच. पण तिला वाचन म्हणू नये. आजच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा 150 गुणांची आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे गुण त्यात मिळतात, वाचनाचा वेग मोजला जात नाही. वर्षभराने त्याच माणसांना एक साधा परिच्छेद वाचायला द्यावा आणि साक्षरांचे आकडे त्यानंतरच जाहीर करावेत. दरम्यान नाशिकच्या वाचनालयांनी मोठ्या टाइपातली, मोठ्यांच्या विषयांवरची सोपी पुस्तके नवसाक्षरांसाठी वेगळी मांडावीत.