मुक्ताबाईच्या निबंधाची मुळे

दलित साहित्याचा आरंभ १९६० नंतर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी मुक्ताबाईचा निबंध ठेवतो. १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांगाची पोर तेव्हा अवघी चौदा वर्षांची. ‘उपजत प्रतिभा’ म्हणून काहीजण मोकळे होतात. मला ते पटत नाही. पेशवाई १८१८ मध्येच बुडाली होती, मुक्ताबाईने ती पाहिलेली नव्हती. तरी त्या राजवटीतले जुलूम निबंधात आहेत. मांगवाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडूनच ते तिने ऐकले असणार. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तर तिच्या डोळ्यांपुढचेच. शाळेने या साऱ्याला अक्षर दिले. वेद ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हेही तिने विचारून घेतले. पुढचे तिचे एकही लेखन आपल्या हाती नाही.