खुराक, पथ्य आणि कोरड्यास

बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात ‘खुराक’ हा शब्द बैलाला आणि पैलवानाला सारखाच लावतात. शर्यतीच्या बैलाला दूध, अंडी, उडदाचे पीठ. पैलवानाला दूध, तूप, बदाम. खुराकावर सगळेच बोलतात. पैलवानाने काय खाऊ-पिऊ नये यावर मात फारसे कोणी लिहीत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या पैलवानांशी बोलताना मी आधी पथ्येच विचारतो. खुराकाच्या आकड्यांत बढाई शिरते, पथ्यात तिला जागा कमी.

यादी गावोगाव जवळपास एकच निघते. चिंच, लोणचे, आंबट ताक नको, ठेचा आणि झणझणीत रस्सा नको, तेलकट नको, शिळे नको, चहा नको, विडी-तंबाखू आणि दारूचे तर नावच नको. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या तालमीचे नावच ‘चिंचेची तालीम’, पण पथ्य तिथेही आंबटाचेच! ही यादी आपल्याकडचीच आहे असेही नाही. जोसेफ ऑल्टर या अमेरिकन अभ्यासकाचे बनारसच्या आखाड्यांवरचे पुस्तक १९९२ साली आले. त्यातही आंबट, तिखट, चहा आणि तंबाखू पैलवानाला वर्ज्यच सांगितले आहेत.

हे पथ्य आले कुठून? कोणी गीतेच्या सतराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तिथे कडू, आंबट, खारट, तिखट पदार्थ राजस ठरवले आहेत. कोणी आयुर्वेदाचे नाव घेतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अम्ल रसाच्या अतिसेवनाने शरीर शिथिल होते असे सांगितले आहे, हे खरे. पण त्याच्याच आधी, प्रमाणात घेतलेला अम्ल रस देह पुष्ट करतो आणि बळ वाढवतो, असेही म्हटले आहे. तालमीने उत्तरार्ध तेवढा उचलला. वस्तादांनी चरक वाचला होता असे माझे म्हणणे नाही. वैद्याच्या तोंडून गावात उतरताना शास्त्रातले ‘प्रमाणात’ गळून पडते आणि ‘नको’ उरते, एवढेच मला दिसते.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. बेल्ह्याचा परिसर हा तालुक्याचा पूर्वेकडचा, कमी पावसाचा भाग. इथले रोजचे जेवण म्हणजे बाजरीची भाकरी आणि कोरड्यास: ठेचा, चिंच घातलेली आमटी, हुलग्याचे माडगे, कधी सणावाराला मासवडी आणि तिचा तिखट रस्सा. सकाळी कामावर निघताना रात्रीची शिळी भाकरी. आता ही थाळी पथ्याच्या यादीशेजारी ठेवून पाहा. तिखट, आंबट, शिळे! तालमीने जे वर्ज्य केले ते गरिबाचे रोजचे अन्न होते. भाकरी पोटात ढकलायला जे तोंडी लावायचे, नेमके तेच नको. मग भाकरी खायची कशाशी? दूध-तुपाशी. म्हणजे पथ्य पाळायला आधी घरात म्हैस हवी.

म्हणूनच पथ्याचा इतिहास हा आश्रयाचा इतिहास आहे, असे मला वाटते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मल्लविनोद सांगितला. त्यात मल्लांना कडधान्य, मांस, दूध, साखर आणि पक्वान्ने राजाकडून मिळत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. आमच्या भागात राजा नव्हता. खुराक घरातूनच निघे. एका पोराच्या पेल्यात दूध गेले की भावंडांच्या आणि आईच्या ताटात कोरड्यासच उरे. ती आई चुलीपुढे दोन स्वयंपाक करी, एक बिनतिखटाचा आणि एक सगळ्यांचा. कुस्तीच्या कोणत्याही इतिहासात तिचा हिशेब मांडलेला मला आढळला नाही.

चहाची गोष्ट निराळी. तो कोणाचेच जुने अन्न नव्हते. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे प्रकरणवार लेखन केले, त्यात चहा-कॉफीवर स्वतंत्र प्रकरण आहे. चहातल्या टॅनिनने कातडे कमावतात, तेच पोटाच्या आतल्या अस्तरावर काम करते, असा त्यांचा आक्षेप. त्याच टॅनिनमुळे धान्यातले लोह अंगी कमी लागते, हे पुढे आहारशास्त्राने सांगितले. आणि आंबटाने ते जास्त लागते, हेही. थोडक्यात, बाजरी खाणाऱ्याच्या बाबतीत तालीम चहावर बरोबर होती, आंबटावर चूक.

आणि तरी चहाच जिंकला. १९६० साली पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली. ज्या घरांत म्हैस होती तिथले दूध कॅनमध्ये जाऊ लागले. हाती रोख पैसा आला, पोरांच्या शाळा झाल्या, याबद्दल कुरकुर करायचे कारण नाही. पण घरात मागे राहिले ते चहा पांढरा होण्यापुरते दूध. पेला गेला आणि कप आला.

आता आळेफाट्यापासून बेल्ह्यापर्यंत जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या तोंडी नवी यादी असते: साखर, मैदा, वडापाव, बाटलीतली गोड पेये, दारू. यादी शहाणपणाची आहे. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ विकतचा आहे आणि बाजरी-हुलगा उलट ‘खावे’च्या रकान्यात गेले आहेत. सोमेश्वराच्या मल्लांना मानाने मिळणारी साखर मात्र पहिल्या क्रमांकावर वर्ज्य. जत्रेच्या हगाम्यात लहान पोरांच्या पहिल्या कुस्त्या अजून रेवड्यांवरच लागतात. पंच मूठभर रेवड्या जिंकणाऱ्याच्या हातावर ठेवतो, आणि पोरगे मैदानातून बाहेर पडायच्या आत त्या संपवते.